एका स्पीकरवर

गळ्यात कायम हेडफोन मिरवायचा, म्हणून वर्गात सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. तासाला मात्र तो कधी फिरकायचा नाही. गेल्या वर्षी त्यानं वर्गातल्याच एका मुलीचं गाणं ढापून आधी जमा केलं आणि वर चोराच्या उलट्या बोंबा! नक्कल केली म्हणून नापास झाली ती.

यंदा ती स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर गाणं उघडं टाकून मुद्दाम चहाला गेली. जाण्याआधी तिनं गाण्याच्या उजव्या बाजूच्या ध्वनिलहरी डावीच्या बरोबर उलट्या करून ठेवल्या होत्या. दोन स्पीकरवर काही कळत नाही. एकाच स्पीकरवर आल्या की दोन्ही बाजू एकमेकींना गिळून टाकतात.

परीक्षेत उस्तादचं गाणं दणक्यात वाजलं. सर खूश. "पण एका स्पीकरवर टिकेल तेच खरं काम," असं पहिल्या तासापासूनचं पालुपद म्हणत त्यांनी दोन्ही बाजू एकत्र करणारं बटण दाबलं. ढोल गेला, गिटार गेली, गाणारीसुद्धा गेली. उस्ताद पांढराफटक.

 

उरली फक्त तिनं उलटी न करता गोंगाटाखाली पुरून ठेवलेली कुजबूज: "सर, हे गाणं माझं आहे. गेल्या वर्षीचंही माझंच होतं."