भरमाची जागा

भरमाचं पत्र येऊन पाच महिने झाले होते आणि नागोजीने अजून उत्तर दिलं नव्हतं.

खानापूरच्या पलीकडून आलेलं ते आंतरदेशीय पत्र भरमाच्या लेकीच्या अक्षरातलं होतं. आधी चार ओळी दुखण्याच्या. मग, हे कारखान्यात कुणाला सांगू नका. आणि शेवटी एकच प्रश्न : अण्णा, माझी जागा हाय का गेली, तेवढं कळवा.

नागोजी दर रविवारी लिहायला बसे. 'चि. भरमास' एवढं लिही, पेन मिटवी आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडी. पुस्तकात डोकं घातलं की हो-नाही सांगावं लागत नाही.

भरमा बेळगावच्या एका फाउंड्रीत क्रेन चालवायचा. छपराखालच्या लोखंडी केबिनमध्ये बसून वितळलेल्या लोखंडाची बादली तो अशी अलगद साच्यावर आणी, की खालच्या माणसांना मान वर करून बघावं लागत नसे. गावी काविळीने अंथरुणाला खिळलाय, असं कारखान्यात बोललं जाई. त्याच्या जागी कुणी ना कुणी बदली चढे, आणि काही ना काही सांडे.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर मालक आण्णाप्पांनी रेडिओ रिमोट मागवला. कमरेला पट्ट्याने बांधायची एक पेटी. तिच्यावरची बटणं दाबली की क्रेनवर बसवलेलं यंत्र खालचा हुकूम ऐकणार. केबिनमध्ये माणूस नको. ते बसवायचं काम नागोजीकडे आलं. तो कारखान्याचा इलेक्ट्रिशियन, निवृत्तीला टेकलेला, रेडिओच्या मासिकांचा नाद असलेला.

मालकांपुढे तोंड न उघडणाऱ्या नागोजीने त्या दिवशी एक अट घातली. पेटी कोण चालवणार, ते तो ठरवणार.

मालकांना गंमत वाटली. "आधी तुम्ही चालवून दाखवा. मग माणूस तुमचा. कोण, कसला, मी विचारणार न्हाय."

बातमी फुटली तसं नागोजीशी कुणी धड बोलेना. भट्टीवरचा रवळू तेवढा म्हणाला, "भरमा तुमास्नी अण्णा म्हणत हुता न्हवं? आता त्याच्या केबिनला कुलूप तुमीच घाला."

नागोजीने पक्कड खिशात टाकली आणि शिडी धरली.

शिडी भिंतीला चिकटून सरळ उभी होती. दोन्ही हातांनी आवळून धरल्याशिवाय पाऊल उचलत नसे. वर केबिनच्या पत्र्यावर भरमाने खडूने वजनांचे आकडे लिहून ठेवले होते, वळणदार. ते बघितले की नागोजीला वाटे, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चढे.

पहिल्या चाचणीत शेजारी वेल्डिंग सुरू झालं की क्रेन थरथरू लागे. बंगळूरहून आलेला कंपनीचा इंजिनिअर वीरभद्र म्हणाला, एवढ्या जुन्या क्रेनवर हे चालायचं नाही. नागोजीने जुनी मासिकं काढली. क्रेनवरच्या यंत्राची तार विजेच्या तारांपासून लांब नेली, लोखंडी नळीतून घातली, नळीला अर्थिंग दिलं. थरथर थांबली.

मग त्याने एक नवं खूळ काढलं. पेटीच्या उजव्या बाजूला एक बटण होतं. ते दाबून धरलं तरच क्रेन हले, सुटलं की जागच्या जागी थांबे. दिशांची बटणं डावीकडे. नागोजीला सगळंच डावीकडे हवं होतं, तळव्याखाली ते दाबून धरायचं बटण आणि बोटांखाली बाकीची. वीरभद्र वैतागला. पेटी उघडली तर कंपनी जबाबदार राहणार नाही, म्हणाला. आणि वर विचारलं, तुमचा माणूस काय उजवा हात खिशात घालून उभा राहणार आहे?

"घालू दे," नागोजी म्हणाला आणि पेटीचे स्क्रू काढायला लागला.

आता कारखान्याला सगळा उलगडा झाला. नागोजीच्या बायकोचा भाचा कृष्णात आयटीआय करून निपाणीत बसून होता, आणि तो डावखुरा होता.

"भाच्याच्या मापानं पेटी शिवली मामानं," रवळू म्हणाला. "उजवा हात मोकळा, बिडी धराय."

सगळे हसले. नागोजीने पेटीचं झाकण पुन्हा बसवलं.

घरी बायको मालुबाईही तेच धरून चालली होती. कृष्णातला कळवू का, म्हणून रोज विचारी. नागोजी थांब म्हणे. तो हल्ली कप डाव्या हाताने उचली, कडी डाव्या हाताने लावी, शर्टाची बटणंही डाव्याच हाताने घालत बसे. "म्हातारपणी ह्यो कसला नाद लागला तुमास्नी," ती म्हणे, आणि शेवटी स्वतःच बटणं लावून देई.

चाचणीच्या दिवशी सगळी भट्टी जमली. नागोजीने पेटी कमरेला बांधली आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला.

"नागोजी, लई साहेब झालासा की," मालक म्हणाले.

नागोजीच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता. तो पुसायलाही त्याने खिशातला हात काढला नाही. लाल बादली उचलली गेली, सरकत आली आणि साच्याच्या तोंडाशी थांबली. रवळूने चाक फिरवून ती कलती केली. रस आत गेला. एक थेंब सांडला नाही.

रवळूने वरच्या रिकाम्या केबिनकडे बघितलं, मग नागोजीकडे. "भरमागत आणलासा, अण्णा," तो हळू म्हणाला.

मालकांनी शब्द पाळला. पुढच्या आठवड्यापासून तुमचा माणूस येऊ दे, म्हणाले. नाव विचारलं नाही.

संध्याकाळी नागोजी खडेबाजारात उतरला. टपालाच्या लाल पेटीशी उभ्या उभ्याच त्याने पत्र लिहिलं. या वेळी पेन कुठे अडलं नाही. पत्र चिकटवून त्याने पेटीत सोडलं. आत एवढंच होतं :

'चि. भरमास, उत्तराला उशीर झाला. तुझी जागा आहे. आता शिडी चढायची नाही. गावच्या लाकडाच्या वखारीतल्या करवतीने तुझा उजवा हात नेला, पण ही पेटी एकट्या डाव्या हाताने चालते. मी चालवून पाहिली. ये.'