गुलछडीचे कंद

नत्थुजींनी वाफ्यावरचं ओलं गोणपाट उलटलं. आजही तेच. गोणपाटाच्या खालच्या अंगाला गोगलगायी चिकटून बसल्या होत्या. शंख नसलेल्या, काळपट, बोटाच्या पेराएवढ्या. त्यांनी काडीने एकेक सोडवून मिठाच्या पाण्यात टाकली आणि मग गुलछडीकडे वळले. काल धडधाकट असलेल्या दांड्याच्या कळ्या कुरतडलेल्या होत्या. पानांवरून चिकट, चकचकीत रेघा गेल्या होत्या.

अकोल्याच्या जुन्या शहरात घरामागे एवढीशी माती असणं हेही नशीबच. घरं एकमेकांना खेटलेली, भिंतींना दिवाळीपर्यंत ओल. त्या ओलीत गोगलगायींचं चांगलं फावायचं. उन्हाळ्याच्या शेवटी नत्थुजींनी तिथे गुलछडीचे, म्हणजे निशिगंधाचे कंद लावले, तेव्हा शेजारी हसले होते. या वयात कशाला ही हौस? पण नत्थुजींचं ठरलेलं होतं. दसऱ्यापासून फुलं सुरू होतील. तुळशीचं लग्न लागलं की घरातही लग्न होतं. सुनेचं.

मुलगा किशोर अपघातात गेला, त्याला दुसरं वर्ष सरत आलं होतं. नत्थुजींची बायको त्याच्याही आधी गेलेली. घरात उरले सासरा आणि सून. नत्थुजींनी खेटे घालून रागिणीसाठी अमरावतीचं स्थळ काढलं. देवमन राजापेठेत ट्यूशन क्लास चालवायचा. बायको वारलेली, माणूस शांत. रागिणीच्या भावांनी आधी नाक मुरडलं, मग मान हलवली. सासरा असावा तर असा, असं गल्लीत जो तो म्हणू लागला. रागिणीने पाहुण्यांपुढे चहा ठेवला, विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं आणि आत गेली. नत्थुजींनी तोच होकार धरला.

सुनेच्या गळ्यातला हार घरच्या फुलांचा असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून ते गोगलगायींच्या मागे हात धुऊन लागले. वाफ्याभोवती चुना टाकला, तो पावसाने नेला. राख टाकली. तंबाखूचं पाणी शिंपडलं. दुकानदाराने दिलेल्या गोळ्या पसरल्या. गोगलगायी मरायच्या आणि पुन्हा तेवढ्याच कळ्यांवर दिसायच्या. दसरा कोरडाच गेला. एकही दांडा धड फुलला नाही.

हल्ली नत्थुजी लवकर दमायचे. थोडा वेळ वाकून काम केलं की भिंतीला टेकून बसायचे. रागिणी पाण्याचा गिलास आणून द्यायची.

"राहू द्या ना, मामाजी," ती म्हणायची. सासऱ्याला ती मामाजीच म्हणत असे. "गुलछडी बजारात भेटते."

"बजारातली नाही पायजे," म्हणत ते पुन्हा वाफ्यात उतरायचे.

दिवाळीच्या तोंडावर एका पहाटे त्यांना झोप येईना. पोटावर हात दाबून ते मागच्या दाराशी आले आणि तिथेच थबकले. नुकतं फटफटत होतं. रागिणी वाफ्यात उकिडवी बसली होती. तिने गोणपाटाची कड उचलली, एक गोगलगाय दोन बोटांत धरली आणि उरलेल्या चांगल्या दांड्यावर, कळ्यांच्या जरा खाली, अलगद ठेवली. मग दुसरी.

"रागिणी."

ती दचकली नाही. बोटं तशीच चिकट ठेवून बसून राहिली.

"काय करून राहिली तू हे?"

"दिसते ना तुमाले."

नत्थुजी उंबऱ्यावर बसले. राग यायला हवा होता, पण तेवढं बळ अंगात नव्हतं. "काहून पण? देवमन पसंत नाही काय तुले?"

"चांगला माणूस हाय तो. त्याच्यात काही खोट नाही." तिने बोटं मातीला पुसली. "पण मले कोणी इचारलं, मामाजी? तुमी स्थळ पाह्यलं, तारीख काढली, कंद लावले. तुमच्या हातच्या फुलांचा हार घालून, तुमाले एकटं टाकून मी या घरातून निंगू कशी? मले समजते, फुलं नसली म्हणून लगन थांबत नाही. पण दुसरं काय करता येत होतं मले?"

तिने विचारलं ते खरंच होतं. त्यांनी तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नव्हतं.

रागिणी उठून त्यांच्या पायाशी येऊन बसली. तिचा आवाज आता उतरला होता.

"एक वर्ष थांबू, मामाजी. मी नाहीच म्हणून नाही राहिली. कंद हाय तिथंच राहू द्या. पुढच्या दसऱ्याले फुलतीन. तवा तुमी म्हणसान तिथं जाईन, तोंडातून एक शब्द नाही काढणार."

नत्थुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. भिंतीपलीकडे कोणाच्या तरी नळाला पाणी आलं होतं.

"फुलतीन, पोरी. कंद फुलतीन," ते म्हणाले. "पण डॉक्टर मले होळीच्या पुढचं काही सांगून नाही राहिला."