अळणी

"आज सायकल कुठं हाय?" हिरामावशीनं विचारलं.

जानू दारातच थांबला. पालघरजवळच्या माहीमच्या त्या अंगणात तो कधी पायी आला नव्हता. आज पालघरहून एसटीनं आला होता, आणि उतरल्यापासून काहीतरी विसरल्यासारखा सारखा मागं वळून बघत होता.

"काल कारखान्यात जमा केली."

"बिघडली?"

"नाय."

मावशी मासळी खारवत बसली होती, दोन्ही हात मिठात. तिनं हनुवटीनंच त्याला पाट दाखवला. ओटीवर तिच्या लेकाचा, रामाचा फोटो होता. त्याला सकाळचं ताजं फूल.

"जेवूनच जा. कालवण अळणी हाय. तुला वरनं मीठ देते."

रामा गेला त्या वर्षापासून हिरामावशीनं मीठ सोडलं होतं. दिवसभर मिठात राबायचं आणि जिभेला लावायचं नाही. रोज अंघोळ करून ती फोटोपुढं दिवा लावी, हात जोडी, मग अळणी घास घेई. कशासाठी, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण गाव समजून होतं, आणि जानूही. रामाची राहिलेली शर्यत जानूनं जिंकावी, म्हणून.

रामा आणि जानू बोईसरच्या एका कारखान्याच्या सायकल संघात होते. पगार सायकल चालवायचाच. पहाटे मनोर रस्त्यावर सराव. जानू पुढं, रामा त्याच्या चाकाला चाक भिडवून मागं. त्या वेगात बोलता येत नाही. पायडल चालू असलं की मागच्या चाकातलं फ्रीव्हील गप्प असतं; पाय थांबले की टिकटिकायला लागतं. रामा दमला की पाय थांबवी. मागून टिकटिक आली की जानूनं समजायचं, आता पुरे.

मासवणच्या वळणावर रामाला ट्रकनं उडवलं.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. 'आयला सांभाळू' म्हणून झालं, 'बहिणीचं लगीन करून देऊ' म्हणून झालं. कावळे सुरूच्या झाडावर बसून राहिले. शेवटी रामाचा चुलता म्हणाला, "ज्याला जे बोलायचं ते मनात बोला. नि बोल पुरा होईपर्यंत तोंडातनं काढू नका."

जानूनं डोळे मिटले. समोर मावशी पदर तोंडाला लावून बसली होती. 'रामा, मुंबईची मोठी शर्यत जिंकेपर्यंत मी सायकल सोडणार नाय,' तो मनात बोलला.

डोळे उघडले तेव्हा कावळा पिंडावर होता.

तेव्हापासून टिकटिक मागं लागली. जानू जीव तोडून पायडल मारत असे, त्याचं स्वतःचं चाक मुकं असे, आणि मागून ती येई. वळून बघावं तर रस्ता मोकळा. रामा बोलाची आठवण देतोय, असं जानू धरून चालला. आणखी जोर लावी. कधी दुसरा आला, कधी पाचवा, मग नंबर विचारणंच थांबलं. गुडघे गेले. कारखान्यानं संघात नवी पोरं घेतली.

मावशी शर्यतीचं कधी विचारत नसे. "परीक्षेचं काय?" एवढंच. तिनं लकडा लावला म्हणून तो बी.कॉम. झाला. शर्यत हरून आला की ती त्याला दिव्याजवळ बसवी. "मी मासळी निवडते, तू वाच."

आता जानू फोटोकडं न बघता म्हणाला, "मावशी, मुंबईला मॅनेजमेंटच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. सोमवारी निघायचं."

"तिथं काय शिकवतात?"

"धंदा कसा करायचा, ते."

"त्याला मुंबई कशाला? माझ्या बाजूला टोपली घेऊन बस. गिऱ्हाईक शिव्या देऊन फुकट शिकवतील."

जानू हसला नाही.

"मावशी, त्या दिवशी कावळा शिवला तो माझ्या बोलावर."

तिचे हात मिठात थांबले. जानूनं सगळं सांगितलं. पिंडापुढचा बोल, मागून येणारी टिकटिक.

"तो बोल मी मोडतोय. तुझं व्रत फुकट घालवलं. रामा अजून मागं हाय. काल सायकल जमा करायला पायडल मारत नेली, तर गेटपर्यंत मागनं वाजत होतं. मला जायचंय, मावशी. पण त्यानं सोडल्याबिगर कसा जाऊ? तू सांग त्याला. आयचं ऐकंल तो."

मावशीनं फोटोकडं पाहिलं.

"आज ऐकू आलं?"

जानूनं आठवून पाहिलं. एसटी. स्टँडपासूनची वाट. सुरूंमधला वारा. मागं काहीच नव्हतं; म्हणून तर तो वळून वळून बघत होता.

"नाय. आज नाय."

"परत सायकलवर बसशील?"

"नाय."

"त्याच्यासमोर सांग."

जानूनं फोटोकडं पाहिलं. "नाय बसणार, रामा."

मावशी उठली. हात धुतले, दिव्यात तेल घातलं, दोन ताटं वाढली. मिठाची चिमूट जानूच्या ताटात सोडली. दुसरी चिमूट आपल्या कालवणात. भाकरीचा तुकडा त्यात बुडवून तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिली.

"मावशी, व्रत मोडलंस?"

"पुरं झालं. आता सांगायला हरकत नाय," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी पदराआड मी पण बोलले होते. 'रामा, जानूला मी सायकलवरनं उतरवीन.' एवढं बोलले, नि कावळा शिवला."