नाव मागाहून

"पाचच्या आत आठशे शब्द, आणि दुसऱ्या कुणी न लिहिलेले," संपादक गोर्स्की फोनवर म्हणाला. "बीडलच्या सौद्यावर आतापर्यंत चाळीस जणांनी लिहिलंय. 'संघाने भविष्य विकलं' असं काही दिसलं, तर तुझी जागा शब्दकोड्याला देईन."

"दरवर्षी हेच म्हणतोस."

"आणि दरवर्षी तू माझं तोंड बंद करतेस. आताही कर की."

मार्लिस ट्वेटने फोन ठेवला. मिलवॉकीच्या स्टेडियमच्या पत्रकार कक्षात दुपारचे दोन वाजले होते आणि समोर लॅपटॉपचा पडदा कोरा होता. जुलै संपताना बेसबॉलचे संघ खेळाडूंची अदलाबदल करतात. यंदा मिलवॉकीने आपला बीडल सिएटलला देऊन टाकला होता. एक गेला, दोन आले. कोण फसला, कोण शहाणा ठरला. शिळ्या कढीला किती ऊत आणायचा? तरी बारा वर्षं तिचा जुलैचा लेख न्हाव्यांच्या दुकानांत भिंतीला लागत होता. त्याचं पहिलं वाक्य तिचं नसायचं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी याच दिवशी ती हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसली होती. आठ वर्षांच्या नेल्सच्या कानशिलावर सरावात चेंडू बसला होता. पोरगा वरच्या मजल्यावर बेशुद्ध होता आणि डॉक्टर 'थांबा' यापलीकडे काही बोलत नव्हते. त्याचे चिखलाने माखलेले बूट मांडीवर घेऊन ती लेख लिहायला बसली, कारण हात रिकामे राहिले असते तर वेड लागलं असतं. तेवढ्यात गवती हॅट घातलेला एक म्हातारा समोर येऊन बसला. गळ्यात स्टॉपवॉच, म्हणजे संघासाठी नवे खेळाडू हेरत हिंडणारा कुणीतरी.

"अडलंय?" त्याने विचारलं आणि एक वाक्य सांगितलं. त्या वाक्यामागून सगळा लेख आपोआप आला.

"याच्या बदल्यात काय देऊ?"

"नाव मागाहून कळवू."

त्या दिवसात ती पहिल्यांदाच हसली. असे सौदे बेसबॉलमध्ये नेहमीचे. आज खेळाडू घ्यायचा, बदल्यात कोण द्यायचा त्याचं नाव पुढे कधीतरी ठरवायचं. "बरं," ती म्हणाली. म्हाताऱ्याने स्टॉपवॉचची कळ दाबली. संध्याकाळी नेल्सने डोळे उघडले आणि त्या आनंदात म्हातारा तिच्या डोक्यातून पार गेला.

पुढच्या जुलैत तो पुन्हा आला. मग दरवर्षीच. एक वाक्य द्यायचा, मागायचा काही नाही. गळ्यातलं घड्याळ चालूच असायचं. बारा वर्षांत मार्लिसचे केस पांढरे झाले, पण त्याची हॅटही तीच राहिली आणि चेहराही तोच.

फोन वाजला. नेल्स. आता वीस वर्षांचा घोडा, मिलवॉकीच्याच खालच्या संघात चेंडू फेकणारा पिचर होता.

"आई, बीडलबरोबर सिएटलला आणखी एक जण द्यायचाय. 'नाव मागाहून'. ते माझं निघालं तर?"

"निघालं तर छत्री घे. तिकडे पाऊस फार."

"कधीतरी माझ्यावरही लिही की!"

"लिहिलं तर गोर्स्की मला सॉसेजच्या गाड्यावर बसवेल. जा, सराव कर."

फोन ठेवताना शेजारच्या खुर्चीत तिला गवती हॅट दिसली. दार वाजलं नव्हतं.

"वाक्य आणलंय," म्हातारा म्हणाला. त्याची नजर फोनवरच्या नेल्सच्या फोटोवर होती. "चांगला उंच झालाय. आज नावही सांगायचंय, बाई."

मार्लिसने फोन पालथा ठेवला. "कुणाचं?"

"आधी लेख होऊ दे. घाई कसली?"

इतक्यात कक्षात गलका झाला. बीडल सिएटलच्या वैद्यकीय तपासणीत नापास! कोपर कामातून गेलेलं. सौदा रद्द. परवा सगळ्यांच्या गळ्यात पडून, रडून निघालेला बीडल आता पुढच्या विमानाने परत येणार होता. पत्रकार खो-खो हसत सुटले.

मार्लिस हसली नाही. सौदा मोडता येतो, हे इतक्या वर्षांत आपल्याला सुचलं कसं नाही?

"मला तुमचं वाक्य नको," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "लेख माझा मी लिहीन. आपला सौदा मोडला. माझ्या पोराचं नाव तुमच्या तोंडून निघायचं नाही."

"पक्कं? बारा वर्षांचा सौदा आहे."

"लेख गेला खड्ड्यात. पक्कं."

ती लिहायला बसली. बीडलच्या कपाटावरची पाटी काढणाऱ्या माणसालाच आता ती परत लावायची होती, त्याच्यावर तिने लिहिलं. निरोपाच्या मिठ्या परत कशा घ्यायच्या, यावर लिहिलं. शब्द अडखळत येत होते, पण तिचे होते. पाचला वीस कमी असताना तिने शेवटचं वाक्य लिहिलं: 'सौदा मोडला की मधल्यामध्ये कुणीच राहत नाही, जो जिथून निघाला, त्याला तिथेच परत जावं लागतं.'

म्हाताऱ्याने लेख सावकाश वाचला. "अस्सल आहे. यात माझा एक शब्द नाही."

"मग नेल्स सुटला?"

"त्याचं नाव मी कसं मागेन, बाई?" म्हाताऱ्याच्या आवाजात पहिल्यांदाच कणव होती. "मागायचं होतं ते तुमचं. तो तर त्या सौद्यात मी तुम्हाला दिलेला."

"थांबा—"

त्याने कळ दाबली. घड्याळ थांबलं.

कॅन्टीनच्या कॉफीचा वास आला. समोर कोरा कागद होता. दारात उभी असलेली नर्स तिच्याकडे न बघता म्हणाली, "मिसेस ट्वेट, डॉक्टर वर बोलावतायत," आणि मार्लिस उठली तेव्हा तिच्या मांडीवरून चिखलाने माखलेले दोन छोटे बूट खाली पडले.