चिलीचं पातेलं

टोलेडो शहरात आम्ही भाड्याने दिलेली चार घरं होती, चार टोकांना. भाडं वाढवलं की जो तो भाडेकरू आपापल्या घरात चडफडायचा आणि मुकाट्याने द्यायचा. धावपळ झेपेना, म्हणून चारही विकून आठ बिऱ्हाडांची इमारत घेतली.

“शेजारी राहतात आणि एकमेकांची नावं माहीत नाहीत,” म्हणत माझ्या बायकोने, डोरीनने, सगळ्यांना राजमा-खिम्याची चिली खायला बोलावलं. मग दर महिन्याला तेच पातेलं नेऊन ते आपसांत जमू लागले. डोरीन खूश.

यंदा बँकेने इमारतीच्या कर्जाचं व्याज वाढवलं. भाडं वाढवलं नाही, तर इमारत बँकेच्या घशात जाणार होती. वाढवलं.



संध्याकाळी आठही बिऱ्हाडं एकदमच दारात. तळमजल्यावरच्या वर्नेटाने घासलेलं पातेलं डोरीनच्या हातात दिलं. “तुमच्यामुळे ओळखी झाल्या, बाई. वाढीव भाडं आम्ही कोणीच देणार नाही.”