बयजाचा बुरूज

वारसा-पर्यटनाच्या परीक्षेत शाल्मलीला गाईड म्हणून पास व्हायचं होतं, आणि नेमका वाट्याला आला ओसाड बुरूज; ना कुठली लढाई, ना कुणी राजा. मग आदल्या दिवशी मेसमध्ये पोहे खाता खाता शाल्मलीबाईंनी गोष्टच रचली. बुरूज टिकेना, म्हणून किल्लेदारानं आपली सून बयजा त्यात जिवंत चिणली!

पर्यटकांपुढं तिनं ती अशी काही रंगवली, की बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"आता दगडालाच विचारू," म्हणत परीक्षक खिस्ती सरांनी एक यंत्र भिंतीला टेकवलं. दगडात मुरलेले जुने आवाज ते यंत्र बाहेर काढायचं. शाल्मलीला वाटलं, आता आपली थाप उघडी पडणार!

यंत्र खरखरलं आणि बाईचा आवाज आला, "मामंजी, एवढा शेवटचा दगड नका हो लावू. या बयजाचं ऐका."

सगळे गारठले. "शाब्बास गं! पैकीच्या पैकी मार्क," सर म्हणाले. "कुठं मिळाली ही गोष्ट?"

शाल्मली यंत्राकडं बघत म्हणाली, "सर, ती... मीच रचली."

"काहीतरीच तुझं!" सरांनी हसत यंत्र बंद केलं.

आवाज मात्र बंद झाला नाही. "पोरी, माझी गोष्ट सांगून झाली ना? मग आता दगड काढ."