तीनशे पॉवरबँका आणि एक माणूस

ऋचाचं चित्र अकरा वाजून वीस मिनिटांनी मंजूर झालं. साडेअकराला वरून फोन आला, आणि त्या दिवशी अकरा वीस वाजलेच नव्हते असं ठरलं.

"म्हणजे आपण आत्ता कुठे आहोत, काका?" ऋचाने विचारलं.

"अकरा एकोणीसला," शांताराम म्हणाले. "आणि ऑफिसात काका नको. सर."

दर जानेवारीत पानिपतला, काला अंबला जाणाऱ्या दिल्लीच्या मराठी मंडळाच्या बसमध्ये ते तिच्या बाबांशेजारची सीट धरायचे. तिथे ते काका होते. इथे ते खात्याच्या संवेदना सप्ताहाचे नोडल अधिकारी होते, आणि पाहुण्यांना वाटायच्या तीनशे पॉवरबँका त्यांच्या गळ्यात पडल्या होत्या. प्रत्येकीवर सामाजिक आशयाचं चित्र हवं, असं परिपत्रक होतं. मानेसरचा छपाईवाला चारपर्यंत थांबणार होता. मग तो त्याच्याकडचा तयार सूर्योदय छापणार होता.

टेबलावर नमुन्याची पॉवरबँक पडली होती. तिच्यावर मॅनहोल, आणि त्यातून छातीपर्यंत वर आलेला विष्णू. विष्णू मुनिरक्यात ऋचाच्याच गल्लीतली गटारं उपसायचा. दोन रविवार तो तिच्यासमोर बसला होता. अट एकच घातली होती. "चेहरा दिखना चाहिए, मैडम. नीचे तो किसी को दिखता नहीं."

"वरच्यांचं म्हणणं, माणूस छान काढलाय," शांताराम म्हणाले. "फक्त गटारात नको."

"मग कुठे?"

"शेजारी. उभा. झाकण बंद, झाकणावर एखादी कुंडी."

"मग तो माळी वाटेल."

"मग ते पर्यावरणात जाईल. पर्यावरण बिल्कुल चालतं."

ऋचा नाही म्हणाली. एक वाजता निरोप आला: गटारात ठेवा, पण हातमोजे द्या.

"त्याला खरोखर कुणी दिलेले नाहीत, सर."

"चित्रात दे ना यार. चित्रात काय जातं?"

दोनला निरोप आला: हातमोजे दिले तर माणूस आत उतरतो हे आपण मान्य केल्यासारखं होतं, तेव्हा हातमोजे नकोत. तीनला अंतिम निरोप आला: माणूसच काढून टाका. मॅनहोल राहू द्या, गोल आकार चांगला दिसतो.

तेवढ्यात ऋचाचा फोन वाजला. विष्णू होता. "पास हो गया, मैडम?" ती काही बोलायच्या आत फोन बंद पडला. तिने नमुन्याची पॉवरबँक उचलली.

"ठेव ती," शांताराम म्हणाले. "मंजुरीआधी वापरता येत नाही."

"पॉवरबँक आहे ना?"

"आत्ता नमुना आहे."

ऋचाने ती खाली ठेवली, विष्णूचा चेहरा वर येईल अशी. शांतारामांनी चेहऱ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. चार वाजायला वीस मिनिटं होती.

"माणूस काढायला तुझी हरकत नाही, असं लिहून द्यावं लागेल," ते म्हणाले. "नाही दिलंस तर सूर्योदय."

"नाही देणार."

"पूर्ण ऐक. मराठीत लिही." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला. "मराठी अर्ज भाषांतराला जातो. आपल्याकडे मराठीचा अनुवादक नाही. पद मंजूर आहे, माणूस नाही. आणि अर्ज भाषांतरात असेपर्यंत काहीच छापता येत नाही. सूर्योदयसुद्धा."

"तुम्हाला येतं की मराठी."

"मी अनुवादक पदावर नाही."

ऋचाने लिहिलं. शांतारामांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि आवक शिक्का मारला.

"आता काका म्हणालीस तरी चालेल," ते म्हणाले, आणि कागद फाइलला लावला.

"महोदय, सदर चित्रातून श्री. विष्णू यांना काढण्यास अर्जदाराची हरकत नाही. तथापि, तत्पूर्वी त्यांना गटारातून काढण्यात यावे व तसा पूर्तता अहवाल त्यांच्या छायाचित्रासह, चेहरा स्पष्ट दिसेल अशा रीतीने, सादर करण्यात यावा, ही नम्र विनंती."